तिसरी उडी

३ जानेवारी, बुधवार

प्रवीण सरांनी आज ॲनिमेशनच्या क्लासमध्ये सगळ्यायले एकेक वही करायले सांगितली. रोज जे पाहिलं ते लिहायचं. माणूस खुर्चीतून कसा उठतो, पायरी उतरताना कोणता पाय आधी टाकतो, असं. कोणाले दाखवायची नाही, आपल्यापुरती ठेवायची. म्हणून मराठीत लिहून राहिली. क्लासमधल्या पोट्ट्यायच्या हाती लागली तरी अर्धंच समजेल.

तं मी उत्कर्षा. वय बत्तीस. सात वर्षं इथंच भिलाईच्या नेहरू नगरात कोचिंगमध्ये गणित शिकवलं. मंग मालकानं भिंतीवर मोठा स्क्रीन लावला, बाहेरच्या कोण्या सरांचे रेकॉर्ड केलेले लेक्चर चालू केले, आन मले म्हणे, मॅडम, आता तुम्ही फक्त हजेरी घेत जा. मी खडूचा डबा पर्समध्ये टाकला आन घरी आली. आता त्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून, व्हिडिओ गेममधली माणसं चालवायले शिकून राहिली. जुने विद्यार्थी भेटतात, "मॅम, आप यहाँ?" म्हणतात. मी म्हणते, हाँ, यहीं.

तीन महिने कॉम्प्युटरवर नुसता चेंडू उडवण्यात गेले. आता माणूस आला. चार मार्चले हैदराबादच्या स्टुडिओची माणसं येणार, आमचं काम पाहणार आन दोघा-तिघायले नोकरी देणार. त्यात माझं नाव नाही आलं तं पुढं काय, ते लिहीत नाही, कारण मलेच माहीत नाही.

७ जानेवारी, रविवार

शुक्रवारी सरांनी माझा चालणारा माणूस सगळ्यायसमोर लावला. म्हणे, "उत्कर्षा, ये आदमी नहीं, कैलकुलेटर चल रहा है." पोट्टे हसले. मले राग आला, पण खोटं नव्हतं. दोन्ही पाय सारखे, दोन्ही हात सारखे, सगळं समान. सर म्हणे, घरातलं कोणी म्हातारं माणूस पाहा, त्याचा व्हिडिओ घ्या, एकेक फ्रेम थांबवून पाहा.

घरी म्हातारं माणूस एकच. बाबा. मारोतराव म्हटलं की आमच्या सुपेल्याच्या गल्लीत सगळे ओळखतात. खाजगी रोलिंग मिलमध्ये तेहतीस वर्षं काढली, आता सात वर्षं झाली घरी बसून. मी म्हटलं, बाबा, अंगणात चालून दाखवसान का? तं मिलचे जुने बूट काढून पॉलिशच केले त्यायनं.

"अवो, चालाचंच आहे न? चपलीत नाही होत का?" आई.

"ड्युटी होय ते," बाबा म्हणे. "आठची शिफ्ट."

मी कोचिंगच्या खडूनं अंगणात रेघा मारल्या, मोबाइल स्टँडवर लावला. डावं पाऊल अठ्ठावन्न सेंटिमीटर, उजवं अठ्ठावन्न. एका पावलाले चौदा फ्रेम. हातही दोन्ही सारखेच हालतात. कॅलकुलेटर माझ्या घरातच जन्माले आला म्हणायचा. बाबाले सांगितलं तं म्हणे, मंग तू कोनाची पोरगी होय?

१४ जानेवारी, रविवार

उडीचा अभ्यास होता. ओट्यावरून खाली उडी, पाय जमिनीले लागताना गुडघे कसे वाकतात ते पाहायचं. आई म्हणे, या वयात उड्या मारायले लावते का बापाले. बाबाले तं जोरच आला. ओटा आहेच केवढा, एक फूट. तीन उड्या घेतल्या. तिसरी एकदम साफ आली.

तिसऱ्या वेळी बाबाच्या डोक्याले जरासं लागलं. रक्त नाही, काही नाही. त्यायनं टोपी घातली आन म्हणे, तुह्या वहीत हे लिवू नको. आन आईले तं सांगूच नको. मी वर तीन ओळी लिहिल्या होत्या त्या खोडल्या.

ही बाबाची मिलमधली सवय होय. तिथं गेटवर एक पाटी होती, अपघाताशिवाय इतके दिवस. तीनशे दिवस पुरे झाले की प्रत्येक कामगाराले स्टीलचा टिफिन भेटे. एकाच्याही बोटाले लागलं आन रजिस्टरमध्ये चढलं की पाटी पुन्हा शून्यावर, टिफिन गेला सगळ्यायचा. म्हणून कोणी सांगतच नसे. बाबाच्या अंगठ्याचं नख गेलं तं रुमाल बांधून आठ तास काम केलं. आमच्या घरी असे चार टिफिन आहेत. आई त्यात तीळ ठेवते, मीठ ठेवते.

व्हिडिओचे शेवटचे चाळीस फ्रेम कापून टाकले. मोबाइलवरच सरांले पाठवला, त्यायले उडी आवडली.

२५ जानेवारी, गुरुवार

विशेष काही नाही. माझा माणूस अजून लाकडासारखाच चालते. बाबा दोन दिवस डोकं धरून बसले होते. आईनं बाम लावला. थंडी आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

सरांनी शेवटचं काम दिलं. गेमसाठी एक पात्र पुरं करायचं: उभं राहणं, चालणं, मार लागणं, पडणं. मी म्हातारा पहारेकरी घेतला. बाकी सगळ्यायनं तलवारवाले घेतले. म्हाताऱ्याच्या मागं कोणी लागत नाही.

आज बाबाले चालवलं तं काही वेगळं दिसलं. डावा पाय जमिनीले घासून येते. बूट जराक फरफटते. डावं पाऊल बावन्न, उजवं अठ्ठावन्न. मी तीन वेळा मोजलं. आन डावा हात उजव्यापेक्षा कमी हालते.

मी म्हटलं, बाबा, मुद्दाम करून राहिले का?

"कावून? मी तं सिधा चालून राहिलो."

सिधे नव्हते चालत. पण असं चालणं मले हजार वर्षं बसून सुचलं नसतं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आज सरांनी माझा पहारेकरी लावला. दोनदा पाहिला. मंग म्हणे, "अब इसमें वज़न आया. ये आदमी थका हुआ है, पर बता नहीं रहा." कोणी हसलं नाही. सुट्टीत दोन पोट्टे येऊन विचारून गेले, मॅम, पैर का घिसटना कैसे किया.

घरी येताना मी सुपेला चौकात थांबून बाबासाठी जिलेबी घेतली. ऑक्टोबरात क्लास लागल्यापासून आज पहिल्यांदा मले मनापासून आनंद झाला. खोटं कावून लिहू.

११ फेब्रुवारी, रविवार

डावं पाऊल सेहेचाळीस. एका पावलाले अठरा फ्रेम. वळताना बाबा आता एका झटक्यात वळत नाहीत, चार-पाच बारीक पावलं टाकून वळतात. मी ते वळण आठ वेळा घेतलं. शेवटी बाबा ओट्यावर बसले तं बसल्या बसल्या झोपी गेले.

आई म्हणे, "हे काय चालवलं तू? कालपासून त्यायची डावी चप्पल पायात राहत नाही. सकाळी चहा सांडवला. मले वच्छला म्हनून हाक मारली." वच्छला म्हणजे माझी आत्या, वारून दहा वर्षं झाली.

मी म्हटलं, सदुसष्ट वर्षांचे आहेत आई, विसरतीलच. वय काय उलटं चालते का?

आईनं बाबाची रक्त पातळ करायची गोळी काढून ठेवली आन भांडे घासत बसली. ती गोळी त्यायले पाच वर्षांपासून चालू आहे, हृदयासाठी.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

तेजराम काका आले होते. बाबासंगं मिलमध्ये होते, एकाच गाडीनं साकोलीहून भिलाईले आले दोघं. बाबा त्यायले गेटपर्यंत सोडायले गेले, तं काका परत माझ्यापाशी आले आन हळूच म्हणे, "बाई, मारोतीचं काहीतरी बिघडलं. तो डावीकडं झुकून राहिला. दवाखान्यात दाखव."

मी म्हटलं, वाताचं असेल काका.

"वात दोन्ही पायाले राहते," काका म्हणे. "मी का डाक्टर नाही. पन दाखव."

बाबाले विचारलं तं चिडले. "तेज्याचं काय आयकते? त्याले सोताले दिसत नाही." मंग थोड्या वेळानं म्हणे, "रविवारी आठले आहे न आपली शिफ्ट?"

मी म्हटलं, आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

डावं एक्केचाळीस. डावा हात हालतच नाही, पोटाशी धरल्यासारखा राहते. माझा पहारेकरी आता इतका खरा झाला की मलेच त्याच्याकडं पाहून कसंतरी होते. रात्री डोळे मिटले तरी तेच चालणं दिसते.

बाबा आज तीनच फेऱ्यांत थकले. मी म्हटलं, राहू द्या आता. तं म्हणे, "तुले पाह्यजे तेवढं घे बाई. मले घरी बसून काय करायचं?" सात वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यायले वेळेवर बोलावून राहिलं, हे मले समजते. त्यायनं शेजारच्यायले सांगून ठेवलं, मी गेममध्ये ड्युटी करून राहिलो.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आईनं मले न विचारता दवाखान्यात नंबर लावला. सव्वीस तारखेचा, सोमवार. मी भांडली. सोमवारी माझं पडण्याचं काम सरांले दाखवायचं आहे, मीच नाही तं बाबाले गाडीवर नेईल कोण? मी फोन करून नंबर पाच मार्चचा करून घेतला. चार मार्चले स्टुडिओवाले येऊन जातील, मंग मी मोकळी. आई म्हणे, "कर तुले काय करायचं ते."

वही माझीच आहे म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आन बाबाची चाल सुधरली, तं उरलेलं काम कसं जुळेल, हाही विचार माझ्या मनात आला. आला आन गेला. पण आला होता.

२४ फेब्रुवारी, शनिवार

चालणं झालं, उभं राहणं झालं, मार लागणं झालं. पडणं तेवढं राहिलं. मी गादी टाकून स्वतःच पडून पाहिलं, व्हिडिओ घेतला. बेकार. मी पडताना हात आधी टाकते. जो खरंच पडते तो हात टाकत नाही, सर म्हणतात. बाबा दारात उभे राहून पाहत होते. म्हणे, "मी पडून दाखवू का?" मी म्हटलं, काही नको. उद्या फक्त एकदा चाला, मले बुटाजवळून घ्यायचं आहे. शेवटचं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यात बसून लिहून राहिली. वही पर्समध्येच होती.

रविवारी आठ वाजता बाबा बूट घालून आले. लेस बांधता येत नव्हती, मी बांधली. मोबाइल खाली जमिनीवर ठेवला. पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या फेरीत, चौथ्या खडूच्या रेघेपाशी ते थांबले, डावा गुडघा वाकला आन पडले. हात नाही टाकले.

मी म्हटलं, "मस्त, बाबा."

दोनदा म्हटलं. मले वाटलं, त्यायनं ऐकलं नाही माझं, पडून दाखवून राहिले. मी खाली बसून मोबाइलमध्ये पाहत होती, पुरे आले की नाही फ्रेममध्ये. आई आतून धावत आली. आईनं मले ढकललं तेव्हा समजलं.

रविवारी सांजच्याला ऑपरेशन झालं. डोक्याच्या आत, हाडाच्या खाली रक्त साचलं होतं. एकदम नाही, हळूहळू, कित्येक आठवडे. त्यानं मेंदू एका बाजूनं दाबला. म्हणून डावा पाय. म्हणून डावा हात.

डॉक्टरनं विचारलं, कहीं सिर पर चोट लगी थी, महीना-डेढ़ महीना पहले? आई म्हणे, नाही, कधीच नाही. मंग डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, याद नहीं.

२८ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरनं विचारलं, चाल कब से बिगड़ी, कुछ अंदाज़ा? मी मोबाइल काढला. माझ्याजवळ अंदाज नव्हता, तारखा होत्या. चार फेब्रुवारी, अकरा, अठरा. खडूच्या रेघासहित. त्यायनं उभ्याउभ्यानं एकेक पाहिलं. चार तारखेचा दोनदा पाहिला. म्हणे, "ये आपने किसलिए बनाए?"

मी सांगितलं.

ते काही रागावले नाहीत. फोन परत दिला आन म्हणे, "इस चार तारीख वाले दिन ले आते, तो अब तक घर में घूम रहे होते." चौदा जानेवारीचा मी दाखवला नाही.

आई बाजूलेच उभी होती. तिले हिंदी चांगली समजते.

१ मार्च, शुक्रवार

आज पाच मिनिटं आत जाऊ दिलं. बाबाचे डोळे उघडे होते. डोक्याले पट्टी. मले ओळखलं, बाई म्हणे. आवाज निघत नव्हता, मी कान जवळ नेला.

"लिवलं तं नाही न?"

मी म्हटलं, नाही बाबा.

"रजिस्टरात?"

"कशातच नाही."

"मंग बरं," म्हणे. "पोरायचे डबे जातेत."

३ मार्च, रविवार

काल पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी बाबा गेले.

५ मार्च, मंगळवार

काल स्टुडिओवाले आले होते. मी गेली नाही. प्रवीण सरांनीच माझं काम लावलं, असा त्यायचा मेसेज आला. पडणं नाही, तेवढं सोडून. आज दवाखान्याचा फोन आला, मारोतराव का अपॉइंटमेंट है आज का, आ रहे हैं? मी म्हटलं, कॅन्सल.

१७ मार्च, रविवार

तेरवी झाली. पाहुणे गेले. तेजराम काका राहिले होते, तेही आज सकाळी गेले. जाताना त्यायनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते बोलले असते तं बरं झालं असतं.

शुक्रवारी हैदराबादचं पत्र आलं. मले घेतलं. पहिल्या तारखेपासून. लिहिलं आहे, म्हाताऱ्या पहारेकऱ्याची चाल त्यायले फार आवडली, त्यायच्या नव्या गेममध्ये तीच ठेवायची आहे. मी ते पत्र आईसमोर वाचलं. मले वाटलं, ती आता बोलेल, जे आहे ते सगळं बोलेल. तिनं विचारलं, तिकडं सैपाकाची सोय आहे का.

मी म्हटलं, जात नाही मी.

"जा," आई म्हणे. "इथं राहून मले रोज तेच पाहा लागेल."

आता संध्याकाळी ती माझी बॅग भरून राहिली. लोणचं, पापड, दोन चादरी. मी पाहत बसली होती. तिनं फळीवरून एक टिफिन काढला, त्यातलं मीठ बरणीत ओतलं, टिफिन घासला, पुसला, आन माझ्या कपड्यावर ठेवला. झाकणावर कोरलेलं आहे, शून्य अपघात, मारोतराव.

मी तो टिफिन हातात घेतला आन मले बाबाचं शेवटचं बोलणं आठवलं. तेवढंच एक त्यायनं मागितलं होतं, लिवू नको, आन मी मानलं होतं. पण आई म्हणते, कधीच नाही लागलं त्यायले डोक्याले. शेजारच्यायले सांगते, तेजराम काकाले सांगितलं, येईल त्याले सांगते. रात्री मले विचारते, देवानं असं कसं केलं बाई, काही नसताना.

मोबाइलमध्ये चौदा जानेवारीचा पुरा व्हिडिओ अजून आहे. कापलेले चाळीस फ्रेम त्यात आहेत. आज मी ते पाहिले, एकेक थांबवून, जसं सरांनी शिकवलं तसं.

आई सैपाकघरात आहे. हे लिहून झालं की जाऊन तिच्यासमोर वाचते. खोडलेल्या तीन ओळी पुन्हा लिहून राहिली, बाबा.

दिनांक १४ जानेवारी, रविवार, सकाळी सव्वाआठ वाजता, मारोतराव यांना राहत्या घरी अंगणात उडी मारून सरळ उभे होताना पत्र्याच्या शेडचा लोखंडी अँगल डोक्याच्या उजव्या बाजूस लागला. पहिल्या दोन उड्या ठीक होत्या. चेहऱ्यावर दोरीवरच्या कपड्यांची सावली येत होती म्हणून मी त्यांना शेडकडे सरकवलं आणि तिसरी मागितली.

पाहणारी: उत्कर्षा मारोतराव.